दुसऱ्या गोळीचा प्रश्न

१४ जून १८०५ रोजी कॅप्टन मेरिवेदर लुईस मिसूरी नदीच्या काठाने एकटाच चालला होता. आजच्या मोंटाना राज्यातल्या ग्रेट फॉल्स धबधब्यांचा तो परिसर. जेवणाची सोय म्हणून त्याने बायसनच्या कळपातल्या एका जनावरावर गोळी झाडली आणि ते कोसळण्याची वाट पाहत तो उभा राहिला. त्या नादात बंदूक पुन्हा भरायची राहून गेली. मान वळवली तेव्हा एक भलेथोरले अस्वल वीस पावलांवर येऊन ठेपले होते. लुईसने बंदूक उचलली आणि त्याच क्षणी ती रिकामी असल्याचे त्याला आठवले. भोवती मोकळे माळरान, आडोशाला झाड नाही की झुडूप नाही. अस्वल तोंड वासून धावत सुटले, तसा तोही ऐंशी-एक यार्ड धावला, नदीत कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि हातातल्या भाल्याचे टोक रोखून वळून उभा राहिला. काठाशी आलेले अस्वल एकाएकी मागे फिरले आणि पळून गेले. ते का पळाले, हे लुईसला उमगले नाही. काठावर येताच त्याने बंदूक भरली आणि यापुढे ती कधीही रिकामी ठेवायची नाही, असा निश्चय रोजनिशीत लिहून ठेवला.

अस्वलासाठी कोणती रायफल घ्यावी आणि तिच्यावर कोणती दुर्बीण बसवावी, हा वाद अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. काडतुसांची नावे बदलली, कारखाने उघडले आणि बंद झाले, तरी वादाच्या मुळाशी लुईसला त्या दिवशी पडलेलाच प्रश्न आहे: पहिली गोळी लागली नाही, किंवा लागूनही जनावर थांबले नाही, तर पुढे काय? ग्रिझली अस्वल ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने धावू शकते, म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. पंचेचाळीस मीटरवरून ते निघाले, तर शिकाऱ्याच्या हाती तीन सेकंद उरतात. हरणाच्या शिकारीत या तीन सेकंदांना काही अर्थ नसतो. अस्वलाच्या रायफलीतला जवळजवळ प्रत्येक बदल या तीन सेकंदांसाठी झाला.

लुईस आणि त्याचा सहनेता क्लार्क यांच्या शोधमोहिमेच्या तुकडीने १८०४-०५ चा हिवाळा मँडन आणि हिदात्सा या आदिवासी लोकांच्या शेजारी काढला होता. ग्रिझलीच्या अंगावर जायचे तर आम्ही सहा, आठ, दहा जण मिळून जातो आणि तरीही माणूस गमावतो, असे या लोकांनी सांगून ठेवले होते. लुईसला ते पटले नव्हते. २९ एप्रिलला पहिले ग्रिझली मारल्यावर तर त्याने लिहिले की, धनुष्यबाण आणि गचाळ बंदुका बाळगणाऱ्यांना हे जनावर भयंकर वाटत असेल, पण सराईत रायफलवाल्याला त्याचे तितकेसे भय नाही. हा आत्मविश्वास आठवडाभरही टिकला नाही. ५ मे रोजी क्लार्क आणि तुकडीतला शिकारी जॉर्ज द्रुइयार यांनी एका मोठ्या अस्वलावर दहा गोळ्या झाडल्या. त्यांतल्या पाच फुप्फुसांतून गेल्या होत्या. ते तरीही अर्ध्याहून अधिक नदी पोहून वाळूच्या बेटावर पोचले आणि मरायला त्याला किमान वीस मिनिटे लागली. १४ मे रोजी सहा शिकारी ठरवून गेले. चौघांनी एकदम बार काढायचे आणि दोघांनी गोळी राखून ठेवायची, असा त्यांचा बेत होता. चारही गोळ्या लागल्या, राखीव गोळ्याही लागल्या, आणि तरी दोघांना बंदुका टाकून वीस फूट उंचीच्या काठावरून नदीत उड्या घ्याव्या लागल्या. अस्वलानेही त्यांच्या पाठोपाठ उडी घेतली. काठावरून एकाने डोक्यात गोळी घातली, तेव्हा कुठे ते थांबले.

यात शिकाऱ्यांच्या नेमाचा दोष फारसा नव्हता. त्यांच्या हातात ठासणीच्या चकमकी बंदुका होत्या. नळीत मापून दारू ओतायची, तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने तळापर्यंत ठासायची, कानात थोडी बारीक दारू घालायची, चकमकीचा घोडा चढवायचा आणि मग नेम धरायचा. कसलेल्या हातालाही यात अर्धा मिनिट सहज जाई, आणि पावसात सगळाच खेळ खुंटे. अर्ध्या इंचापेक्षा किंचित जाड, चौदा-पंधरा ग्रॅम वजनाची ती गोल गोळी हरणाला किंवा माणसाला पुरेशी होती. ग्रिझलीच्या खांद्यावरची चरबी, स्नायूंचा थर आणि जाड हाडे ओलांडताना मऊ शिसे चपटे होऊन वाटेतच अडके.

शिवाय एक शरीरशास्त्रीय सत्य आहे. हृदय किंवा फुप्फुसे निकामी झाली, तरी मेंदूला आधी पोचलेल्या रक्तावर मोठे जनावर काही सेकंद, कधी दहा-पंधरा सेकंद, पूर्ण ताकदीनिशी हालचाल करू शकते. हरीण तेवढ्या वेळात दूर पळून जाऊन पडते. अस्वल तेवढ्या वेळात शिकाऱ्यापर्यंत पोचते. म्हणून अलास्कातले जाणते वाटाडे आजही नवख्याला सांगतात, की आधी खांदा मोडा. पुढच्या पायाचे हाड तुटले की धाव तुटते, आणि तीच गोळी पुढे फुप्फुसांत शिरली तर काम पुरे होते. जड, सहज न फुटणारी, हाड मोडून खोल जाणारी गोळी हवी, ही मागणी इथूनच आली.

ही मागणी पहिल्यांदा ओळखली ती सेंट लुईस शहरातल्या जेकब आणि सॅम्युएल हॉकेन या भावांनी. १८२० ते १८४० च्या दरम्यान बीव्हरच्या कातड्यांसाठी रॉकी पर्वतात जाणारे फासेपारधी याच शहरातून निघत. ह्यू ग्लास हा त्यांच्यातलाच. १८२३ मध्ये आजच्या साउथ डकोटात, ग्रँड नदीच्या परिसरात, पिल्लांसह असलेल्या मादी ग्रिझलीने त्याला फाडले आणि साथीदार तो जगणार नाही असे समजून त्याला सोडून गेले. रांगत, लंगडत तो शेकडो किलोमीटरवरच्या ठाण्यापर्यंत पोचला. हॉकेन बंधूंची रायफल अशा मुलखासाठी घडवलेली होती. नळी जाड, त्यामुळे दारूचा बार मोठा भरता येई. तोंड अर्ध्या इंचाच्या आसपास किंवा जास्त. दस्ता आखूड आणि मजबूत. चकमकीच्या जागी तांब्याची टोपी आली आणि ओल्या हवेतही बार उडण्याची खात्री वाढली. वजन मात्र साडेचार-पाच किलोपर्यंत जाई. पहिल्या गोळीची ताकद हॉकेनने वाढवली, पण दुसरी गोळी अजूनही अर्ध्या मिनिटावरच होती.

त्याच काळात कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन गुराख्यांनी बंदुकीला हातही न लावता ग्रिझली पकडण्याची रीत बसवली होती. चार-पाच घोडेस्वार चामड्याच्या फासांनी अस्वलाचे पाय आणि मान वेगवेगळ्या दिशांना ताणून धरत आणि कित्येकदा ते जिवंत गावात आणून बैलाशी झुंजवत. एका स्वाराचा फास चुकला तर उरलेल्यांचे फास होते. धंदा क्रूर होता, पण एकाच फटक्यावर विसंबायचे नाही ही समज तिथेही दिसते.

हिंदुस्थानात आणि आफ्रिकेत फिरणाऱ्या इंग्रज शिकाऱ्यांनी दुनळी रायफल पसंत केली. दोन नळ्या, दोन घोडे, दोन चाप. पहिला बार चुकला तर बोट मागच्या चापावर सरकवायचे, बस्स. लंडनच्या कारागिरांनी दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच ठिकाणी लागाव्यात म्हणून महिनोन्‌महिने खपावे आणि साहेबाने किंवा संस्थानिकाने त्यासाठी मोठी रक्कम मोजावी, असा तो मामला होता. अमेरिकेतल्या गुराख्याला आणि खाणकामगाराला ती चैन परवडणारी नव्हती. त्याला कारखान्यात निघालेली, दुकानात मिळणारी बंदूक हवी होती.

ती दिली विंचेस्टर कंपनीने. चापाभोवतीची खिट्टी खाली-वर केली की रिकामे काडतूस बाहेर आणि भरलेले आत; नळीखालच्या लांबट नळकांड्यात काडतुसांची रांग. १८७३ च्या प्रसिद्ध मॉडेलचे काडतूस अस्वलाच्या मानाने दुबळे होते. अमेरिकी सैन्याने त्याच वर्षी स्वीकारलेले .४५-७० काडतूस दणकट होते, पण विंचेस्टरच्या यंत्रणेत ते मावत नव्हते. (या नावातला पहिला आकडा नळीचा व्यास इंचाच्या शतांशात सांगतो आणि दुसरा काळ्या दारूचे वजन ग्रेनमध्ये, सत्तर ग्रेन म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम.) मग १८७६ मध्ये मोठ्या बांध्याचे मॉडेल आणि त्यासाठी आखूड, जाडजूड .४५-७५ काडतूस आले. थिओडोर रूझवेल्टने १८८४ च्या सप्टेंबरात वायोमिंगच्या बिगहॉर्न पर्वतात आपले पहिले ग्रिझली मारले ते याच रायफलीने. झाडीतून वाट काढताना अस्वल अवघ्या काही पावलांवर उठून उभे राहिले आणि त्याने दोन डोळ्यांच्या मध्ये गोळी घातली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या या माणसाने शिकारीवर पुष्कळ लिहिले. अस्वलाजवळ बंदुकीच्या आकारापेक्षा हाताची स्थिरता अधिक मोलाची, हे त्याचे मत या अनुभवातूनच आले असावे.

खरी झेप घेतली ती यूटामधल्या ऑग्डेन गावच्या जॉन ब्राउनिंगने. त्याच्या आराखड्यावरून निघालेल्या १८८६ च्या विंचेस्टरमध्ये दोन उभे पोलादी खिळे खटका बंद होताच तो घट्ट जखडून टाकत. त्यामुळे .४५-७० च काय, .५०-११० सारखी दांडगी काडतुसेही त्यात चालू लागली. एका सेकंदाच्या आत दुसरी गोळी, आणि तीही हॉकेनहून ताकदवान. अस्वलाच्या रायफलीच्या इतिहासात याहून मोठा टप्पा दुसरा नाही. नंतरच्या सुधारणा उपयोगाच्या आहेत, पण माणूस आणि अस्वल यांच्यातले पारडे फिरले ते इथे.

काळ्या दारूचा एक त्रास उरला होता. पहिला बार निघाला की समोर पांढऱ्या धुराचा पडदा उभा राही आणि वारा नसला तर अस्वल कुठे आहे हेच दिसेनासे होई. १८९० च्या दशकात बिनधुराची दारू आली आणि पडदा हटला. ब्राउनिंगच्याच १८९५ च्या मॉडेलमध्ये नळकांड्याऐवजी चापासमोर पेटी आली. नळकांड्यात एका काडतुसाच्या टोपीला मागच्या गोळीचे टोक टेकते, म्हणून गोळी बोथट ठेवावी लागते. पेटीत काडतुसे एकावर एक बसतात आणि टोकदार, वेगवान गोळी वापरता येते. १९०४ मध्ये या रायफलीसाठी .४०५ काडतूस निघाले: साडेएकोणीस ग्रॅमची गोळी, सेकंदाला सुमारे ६७० मीटर वेग. रूझवेल्टने १९०९ च्या आफ्रिका दौऱ्यात ही रायफल सिंहांवर वापरली.

भारताशी या रायफलीचा धागा जुळतो तो बंगळूरच्या केनेथ अँडरसनमुळे. दुनळीच्या मुलखात राहूनही त्याने आयुष्यभर .४०५ ची हीच विंचेस्टर वापरली. अर्सीकेरेजवळ माणसांना फाडणाऱ्या अस्वलाची त्याने लिहिलेली हकीकत शिकारकथा वाचणाऱ्यांच्या परिचयाची आहे. आपल्याकडचे अस्वल वजनाने ग्रिझलीच्या निम्मेही भरत नाही. वारुळे उकरून वाळवी खाणे आणि मोहाची फुले वेचणे हा त्याचा उद्योग. पण झाडीत अचानक गाठ पडली तर ते तोंडावर आणि डोक्यावरच झेपावते. मेळघाट, ताडोबा, बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य या भागांतल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात त्याच्या शिकारीचा अध्याय संपला, आणि ते योग्यच झाले.

कॅलिफोर्नियात तो अध्याय वेगळ्या रीतीने संपला. गुरांचे कळप वाढले आणि त्यांच्या मालकांनी विंचेस्टरच्या जोडीला पोलादी सापळे आणि स्ट्रिक्निनचे विष वापरले. १९११ मध्ये राज्याने आपल्या अधिकृत झेंड्यावर ग्रिझली झळकवले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९२२ मध्ये, टुलारी काउंटीत शेवटचे ग्रिझली मारल्याची नोंद आहे. १९५३ मध्ये ग्रिझलीला राज्यप्राण्याचा मान मिळाला, तेव्हा राज्यात एकही ग्रिझली उरले नव्हते. अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकेत १८०० च्या सुमारास अंदाजे पन्नास हजार ग्रिझली होती. १९७५ मध्ये त्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले तेव्हा हजाराहून कमी राहिली होती. दुसऱ्या गोळीचा प्रश्न माणसाने इतका पुरता सोडवला की बहुतेक राज्यांत गोळी झाडायला अस्वलच राहिले नाही. रायफलींच्या कौतुकात हे पान वगळले जाते, आणि ते वगळू नये.

अस्वले टिकली ती अलास्कात, आणि विसाव्या शतकात रायफलीचा वाद तिकडे सरकला. तिथले किनाऱ्यावरचे तपकिरी अस्वल साल्मन मासे खाऊन फुगते. कोडियाक बेटांवरचा मोठा नर सहाशे किलोंच्या पुढे जाऊ शकतो. तिथे पाऊस, धुके आणि माणसाच्या डोक्यावरून जाणारी अल्डरची दाट झुडपे. या ओल्या मुलखाने निवडलेले काडतूस मात्र लंडनचे होते. हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १९१२ मध्ये आफ्रिकेसाठी काढलेले .३७५ मॅग्नम साडेएकोणीस ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेसातशे मीटरहून अधिक वेगाने फेके. खांदा मोडायला ते पुरेसे होते, तरी धक्का इतका नव्हता की शिकारी चाप ओढण्याआधीच डोळे मिटील. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात विंचेस्टरने आपली मॉडेल ७० ही बोल्टची (हाताने मागे-पुढे सरकवायच्या दांड्याची) रायफल बाजारात आणली आणि तिच्या काडतुसांच्या यादीत .३७५ ही ठेवले. दोनशे-तीनशे मैल विमानाने जाऊन समुद्रकाठी तंबू ठोकणाऱ्या वाटाड्यांमध्ये ही जोडी रुळली. १९५८ मध्ये .३३८ विंचेस्टर मॅग्नम आले, आणि या काडतुसाच्या मॉडेल ७० ला कंपनीने नावच ‘अलास्कन’ दिले.

इथे बोल्टच्या एका छोट्या भागाचा उल्लेख करायला हवा. जर्मनीच्या माउझर कंपनीच्या रचनेत बोल्टच्या अंगाला एक लांब पोलादी आकडा असतो. काडतूस पेटीतून वर येताच तो त्याची कड पकडतो आणि बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. घाबरलेल्या माणसाने बोल्ट अर्धाच ढकलून मागे ओढला, तरी दोन काडतुसे एकमेकांत अडकत नाहीत. मॉडेल ७० मध्ये हा आकडा होता. १९६४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी कंपनीने तो काढून टाकला. रानात जाणारे चिडले, ‘चौसष्टपूर्व’ रायफलींचे भाव चढले, आणि तीन दशकांनी कंपनीला जुनी रचना पुन्हा आणावी लागली. नेमबाजीच्या मैदानावर या आकड्याने काही फरक पडत नाही. तरीही ज्यांनी ओल्या झुडपात घाबऱ्या हातांनी बोल्ट ओढला होता, त्यांच्या हट्टाला मान द्यावा लागला.

या सगळ्या हिशेबाला छेद देणारी एक घटना १९५३ च्या मे महिन्यात कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात घडली. स्लेव्ह लेकजवळ बेला ट्विन या त्रेसष्ट वर्षांच्या, क्री जमातीच्या बाईंची गाठ एका प्रचंड ग्रिझलीशी पडली. त्यांच्या हातात सशा-खारींसाठीची, एका वेळी एकच काडतूस घेणारी .२२ ची रायफल होती. अस्वल अगदी जवळून आडवे जाऊ लागले तेव्हा त्यांनी कवटीच्या बाजूचा पातळ भाग साधून गोळी घातली. ते पडल्यावर पुन्हा पुन्हा रायफल भरून डोक्यात गोळ्या झाडल्या. ती कवटी त्या काळी जगातली सर्वांत मोठी म्हणून नोंदली गेली. बेलाबाईंची हकीकत छोट्या बंदुकीची तरफदारी म्हणून सांगितली जाते. तिच्यातून घ्यायचे ते त्यांचे शारीरज्ञान आणि अस्वल पडल्यावरही हात न थांबवण्याची शिस्त.

दुर्बीण या कथेत उशिरा येते. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज गावच्या विल्यम माल्कमने १८५५ च्या सुमारास रायफलीवरच्या दुर्बिणी बनवायला सुरुवात केली. त्या नळीइतक्याच लांब असत आणि यादवी युद्धात नेमबाजांनी त्या वापरल्या. पण घोड्यावरून जंगलात हिंडणाऱ्याला एवढे लांब, नाजूक नळकांडे कुठे परवडणार? तो मागची खाच आणि पुढची माशी जुळवूनच नेम धरी. विल्यम लायमनने १८७९ मध्ये दस्त्याच्या मानेवर बसणाऱ्या बारीक कड्याचे पेटंट घेतले, ती मोठी सोय झाली. डोळा कड्यातून पाहतो आणि माशी आपोआप मध्यभागी आणतो. झटपट नेमासाठी अलास्कात असे कडे आजही लावतात.

दुर्बीण सामान्य शिकाऱ्याच्या आवाक्यात आणली ती बिल वीव्हर या तरुणाने. १९३० मध्ये, मंदीच्या ऐन तोंडावर, त्याने मॉडेल ३३० ही दुर्बीण रायफलीवर बसवण्याच्या पकडीसकट एकोणीस डॉलरना विकायला काढली. जर्मन दुर्बिणी तिच्या कित्येक पट महाग होत्या. त्या दशकाच्या अखेरीस लायमन कंपनीची अडीच पट मोठे दाखवणारी दुर्बीण आली. तिचेही नाव ‘अलास्कन’.

अडीच पटच का? नवख्याला वाटते, जास्त मोठे दिसले तर जास्त चांगले. अस्वलाच्या शिकारीत गणित उलटे चालते. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा व्यास तिच्या शक्तीने भागला की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. वीस मिलिमीटरचे भिंग आणि अडीच पट शक्ती, म्हणजे आठ मिलिमीटर. अंधारात माणसाची बाहुली सहा-सात मिलिमीटर उघडते. म्हणजे ही साधी दुर्बीण डोळा घेऊ शकतो तेवढा सगळा प्रकाश देते, आणि अस्वले तर बहुधा पहाटे-संध्याकाळी बाहेर पडतात. त्याच भिंगाला आठ पट केले की झोत अडीच मिलिमीटरचा उरतो आणि झुडपातले काळे अस्वल काळ्या सावलीत विरघळते. कमी शक्तीत दृश्यही रुंद राहते. वीस मीटरवरच्या अस्वलाकडे आठ पटीच्या दुर्बिणीतून पाहिले तर नुसती लव दिसते. खांदा कुठला आणि पुठ्ठा कुठला हे कळायला जो क्षण लागतो, तोच तिथे नसतो.

काचेचीही एक अडचण होती. भिंगाच्या प्रत्येक पृष्ठावर सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. दहा पृष्ठे असली तर जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश वाटेतच गळतो. झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला या शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये काचेवर अतिपातळ थर चढवून ही गळती रोखण्याची रीत शोधली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती शिकारी दुर्बिणींत आली आणि संध्याकाळची शेवटची काही मिनिटे वापरात आली.

पण अलास्कातल्या शिकाऱ्याचा मोठा वैरी धुके होता, आणि तेही दुर्बिणीच्या आतले. उबदार तंबूतून थंडीत रायफल नेली की नळीतली वाफ भिंगावर आतून साचे. ऑरेगन राज्यातली ल्युपोल्ड कंपनी मुळात जमीनमोजणीची उपकरणे बनवणारी. तिच्या घराण्यातल्या मार्कस ल्युपोल्डचा हरणावरचा नेम दुर्बिणीत धुके साचल्याने चुकला आणि तो चिडून याच्या मागे लागला, अशी हकीकत सांगतात. १९४० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने नळीतली हवा काढून कोरडा नायट्रोजन भरायला आणि सांधे पक्के बंद करायला सुरुवात केली. ओल्या मुलखासाठी ही सुधारणा मोठ्या शक्तीपेक्षा कितीतरी मोलाची ठरली. धक्क्याचाही विचार करावा लागला. .३७५ ची रायफल मागे येते तेव्हा दुर्बिणीची कड भुवईवर आपटून रक्त काढते. म्हणून डोळा नऊ-दहा सेंटिमीटर मागे ठेवूनही पूर्ण दृश्य दिसेल, अशी भिंगरचना लागते.

आता तिथे एक व्यवस्था बसली आहे. अलास्कात बाहेरून येणाऱ्या शिकाऱ्याला तपकिरी अस्वलासाठी परवानाधारक वाटाड्या किंवा तिथे राहणारा जवळचा नातेवाईक सोबत घ्यावाच लागतो. पाहुण्याच्या .३३८ किंवा .३७५ वर कमी शक्तीची, एकपासून चार-सहा पटीपर्यंत फिरणारी दुर्बीण असते. पहिली, शांतपणे साधलेली गोळी त्याची. वाटाड्याच्या हातात पुष्कळदा जुनी, चट्टे पडलेली, माशीवर नेम धरायची .४५८ किंवा .३७५ असते. जखमी अस्वल अल्डरच्या झुडपात शिरले तर तिथे जायचे ते वाटाड्याने. लुईसच्या सहा शिकाऱ्यांपैकी दोघांनी राखून ठेवलेली गोळी आता वाटाड्याकडे आली आहे.

१९८३ मध्ये अमेरिकेच्या वन खात्यातले विल्यम मीहान आणि जॉन थिलेनियस यांनी हा सगळा वाद मोजून पाहिला. अलास्कातल्या जंगलात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी स्वसंरक्षणाला काय बाळगावे, हा त्यांचा प्रश्न होता. म्हणून त्यांनी चाचण्या घेतल्या त्या पंधरा यार्डांवरून. .४५८, .३७५ आणि .३३८ वरच्या क्रमांकांवर आली, यात नवल नव्हते. पण सैन्याचे १९०६ सालचे जुने .३०-०६ काडतूस, त्यातली सर्वांत जड, चौदा ग्रॅमची गोळी घातली तर, कामचलाऊ ठरले आणि पिस्तुले फिकी पडली. ज्याला मोठ्या रायफलीचा धक्का सोसत नाही, त्याने छोटी घेऊन नेम पक्का करावा, हे शहाणपण त्या आकड्यांनी पुष्ट केले. ग्रीनलंडच्या ओसाड ईशान्येला कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालणारे डॅनिश सिरियस पथकही पहिल्या महायुद्धाच्या काळातली एनफील्ड एम१९१७ ही .३०-०६ चीच रायफल ध्रुवीय अस्वलांसाठी बाळगत आले. दुर्बीण नाही, नाजूक भाग नाहीत, आणि तेल गोठणाऱ्या थंडीत चालेल अशी यंत्रणा.

संशोधक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी पुढे अलास्कातल्या नोंदी तपासल्या. २००८ मध्ये त्यांनी दाखवले की मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याने तपकिरी अस्वलांचे नको ते वागणे ९२ टक्के वेळा थांबवले. २०१२ मध्ये त्यांनी १८८३ पासूनच्या २६९ प्रसंगांचा हिशेब मांडला, त्यात लांब बंदुका ७६ टक्के वेळा उपयोगी पडल्या होत्या. दोन्ही अभ्यासांतले प्रसंग सारखे नाहीत, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून थेट निकाल देणे चुकीचे. तरी बंदूक फसण्याची त्यांनी नोंदवलेली कारणे ओळखीची आहेत: सुरक्षेचा खटका बंदच राहिला, काडतूस अडकले, गोळी चुकली, वेळच मिळाला नाही.

शिकारीसोबत अस्वले राखण्याची व्यवस्थाही उभी राहिली होती. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारी बंदुका आणि काडतुसे यांच्यावरचा कर वन्यजीव रक्षणासाठी राखून ठेवला. आज तो ११ टक्के आहे आणि राज्यांना त्यातून पैसा मिळतो. १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी कोडियाक बेटावर अस्वलांसाठी राखीव क्षेत्र घोषित केले. तिथे आज सुमारे साडेतीन हजार अस्वले आहेत. एका शिकाऱ्याला चार वर्षांत एकच अस्वल मारता येते. पिल्ले आणि पिल्लांसह असलेली मादी यांना मारायला बंदी आहे. मारलेल्या अस्वलाची कवटी आणि कातडे राज्याच्या मत्स्य आणि वन्यप्राणी विभागाच्या कार्यालयात नेऊन त्यावर सील लावून घ्यावे लागते. तिथला कर्मचारी कवटीतून एक छोटा दात काढून घेतो. त्या दाताचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली वर्षागणिक चढलेले थर मोजले की अस्वलाचे वय कळते. गेल्या हंगामात किती नर, किती माद्या आणि कोणत्या वयाची अस्वले गेली, याच्या या नोंदी पुढचे परवाने ठरवताना विभागाच्या हाती असतात.